जुनी फियाट घ्यायची म्हणता?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. तेव्हापासून ‘एखादी चांगली फियाट असली तर सांगा’ म्हणणारे वाढलेत. माझ्याकडे एक आहे, म्हणून मलाच विचारतात. मी त्यांना आधी गुडघे टेकून गाडीखाली बघायला सांगतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे. जाणत्या मिस्त्रीला ते आजही उघडून जोडता येतं. पत्रा मात्र गेला की गेला. त्यात आपली नवी मुंबई खाडीकाठची. पावसाळा संपला तरी दमट खारी हवा पत्रा खातच असते. पायाखालचं मॅट उचला, डिकीत स्टेपनीची जागा बघा, दरवाजांच्या खालच्या कडेवर लोहचुंबक फिरवा. चिकटत नसेल तर तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. वरच्या चकचकीत रंगाला भुलू नका.

लोकांना आठवते ती रविवारची सकाळ. बॉनेट उघडं, वडील पॉलिश पेपरने पॉइंट घासताहेत, मुलगा रेडिएटरमध्ये पाणी ओततोय. आठवण खरी आहे, पण ती हौस नव्हती हो. तेवढं केल्याशिवाय सोमवारी गाडी धड चालू व्हायची नाही. ते काम आज तुम्हाला करावं लागेल, कारण पॉइंटचं अंतर फिलर गेजने लावणारे हात कमी होत चाललेत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून कोरडी पुसायची. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साचलेल्या पाण्यातून बाहेर आलात की हळू चालवत ब्रेक दोनचारदा दाबून सुकवा, मगच वेग घ्या.

एक गोष्ट मात्र वडिलांच्या काळी नव्हती. पाम बीच रस्त्यावर सिग्नलला थांबलो असताना पेट्रोलचा भपकारा आला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप फुगून लिबलिबीत झालेला आणि थेंब गरम इंजिनावर पडत होते. पाइप बदललेला होता, पण दुकानातून मिळाला तो जुन्या साठ्यातला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या धाटणीचं रबर ते सोसत नाही. पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरचं किट, सगळं इथेनॉल सोसणारंच मागून घ्या. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

राहिले कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. ‘व्हिंटेज म्हणून नोंदवून देतो’ असं एजंट सांगेल. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षं जुनी लागते, आणि तशी नोंदवलेली गाडी रोज वापरता येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी अजून त्यात बसत नाही. नोंदणी संपलेली असेल तर ती विकणाऱ्याने आधी नूतनीकरण करून द्यावी, मगच पैसे मोजा. तो तयार नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या.