आडनावामागचं कूळ

माय, कूळ शोधायला निघालीस ते फार चांगलं केलंस. फक्त आडनावावर भिस्त ठेवू नको.

आपल्या वऱ्हाडात आधी हे पाहायचं, की आडनाव पडलं कशावरून. पापळच्या पंजाबराव देशमुखांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. देशमुखी हे परगण्याचं वतन. ते घरात आलं अन् कदम मागे पडलं. म्हणून चांदूर बाजारात भिंतीला भिंत लागून राहणारे दोन देशमुख एकाच भाऊकीतले असतीलच असं नाही. गाडगेबाबांचं घरचं आडनाव जानोरकर, ते गावावरून. गाडगे हे नाव हातातल्या गाडग्यामुळे लोकांनी दिलं. आपल्या माधानच्या गुलाबराव महाराजांचं आडनाव मोहोड. अशा आडनावाचा अर्थ लावत बसू नये. मोहोडांची घरं कोणकोणत्या गावी आहेत अन् ती कुठून आली, ते विचारत जावं.

स्कॉटलंडातही हेच झालं. तिथल्या राजाने १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे नाव लावण्यावरच बंदी घातली. माणसं दुसरी आडनावं लावून जगली. बंदी कायमची उठली ती १७७४ मध्ये. रक्त एक अन् आडनावं अनेक. उलट, आसऱ्यासाठी सरदाराचं आडनाव घेतलेलीही पुष्कळ होती. म्हणून कुणी पैसे घेऊन तुझं आडनाव एखाद्या राजघराण्याला जोडून द्यायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठव.

आता देवक. लग्नाच्या मांडवात कोणतं झाड, कोणता पाला पुजतात ते विचार, अन् विचारायचं ते आत्याला, मोठ्या आईला. पुरुष वतनाच्या गोष्टी सांगतात, त्यात फुगवटा फार. बायका सांगतात की कोणत्या घरात आपण लेक देत नव्हतो अन् का. देवक एक म्हणजे भाऊबंद, तिथे सोयरीक नाही. आडनाव वेगळं असूनही सोयरीक टाळत आले असतील, तर तिथे थांब अन् खोदून विचार. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर आहे.

देवकानंतर कुलदैवत. बहिरमच्या यात्रेला आपल्याकडचे सगळेच नवस फेडायला जातात, त्यावरून कूळ ठरत नाही. घरातला कुळाचार कोणत्या देवीचा, ते पाहा. पण डिसेंबर-जानेवारीत यात्रेला जरूर जा. हंडीच्या पंगतीला दूरचे भाऊबंद आपणहून बोलतात.

कागदांत शाळेचं दाखल-खारीज, कोतवाल बुक अन् तहसिलीतला अधिकार अभिलेख काढ. जुन्या नोंदीत पुष्कळदा आडनावच नसतं. माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव एवढंच. तेव्हा बापाच्या नावावरून मागे मागे जायचं. आणखी एक, १९०५ पर्यंत एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, हा वेगळा जिल्हा होता. त्याआधीचा कागद अमरावतीच्या नावाने मागशील तर नाही म्हणतील. मोडीतला कागद मोडी जाणणाऱ्याकडूनच वाचून घे.

त्र्यंबकेश्वरी गेलीस तर तीर्थोपाध्यायांना आधी गाव सांग, मग पणजोबाचं नाव, आडनाव शेवटी. घराण्यातलं कुणी तिथे जाऊन आलं असेल, तर त्यांच्या वहीत नोंद सापडू शकते.

जे ऐकशील त्याच्यापुढे सांगणाऱ्याचं नाव अन् तारीख लिही. दोघींनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिही, खोडू नको. अन् मोठ्या आत्याकडे याच महिन्यात जा. तिला आता ऐकू कमी येतं, पण देवकं अजून सगळी पाठ आहेत.