अभ्यासपाठ : मुलकोवालची बाटली

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १८:१३ व १७

या पाठासाठी नीतिसूत्रांतील दोन वचने घेतली आहेत. पहिले वचन ऐकून घेण्याआधीच उत्तर देणाऱ्याविषयी आहे. दुसऱ्यात न्यायसभेचे चित्र आहे : आधी बोलणाऱ्याचेच खरे वाटते, पण मग दुसरा पुढे येतो आणि त्याची तपासणी करतो.

याचा लसीच्या वादाशी काय संबंध, असे शब्बाथशाळेचे शिक्षक विचारतील. २०२१ साली आम्हां आदिलाबादकरांना तो संबंध जवळून दिसला. पैनगंगेच्या या तीरावर मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू अशा सर्व बोलींत अफवा फिरत होत्या. कोणी म्हणे, लस घेतली की मूल होत नाही. कोणी म्हणे, ज्याचा प्रभूवर विश्वास आहे त्याला सुई कशाला? (मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा सल्ला प्रभूला कोणी दिला होता, हे अशांनी मत्तय ४ मध्ये पाहावे.) उलट कोणी साधी शंका विचारली तरी त्याला अडाणी म्हणून गप्प बसविणारेही आपल्यातच होते. शंका निराळी व अफवा निराळी, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घेतले नाही, असे आमचे मत आहे. हा भेद वर्गात समजावून सांगण्यास १९०२ सालची एक हकीकत फार उपयोगी पडते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारने वाल्डेमार हाफकीन यांना मुंबईस पाठविले. हे ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केलेली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात राबून त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. नंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. लसीने पूर्ण संरक्षण मिळत नसे, पण टोचून घेतलेल्यांत प्लेग पुष्कळ कमी झाला.

तरी लोक भीत होते, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला मोठे अधिकार मिळाले. पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमाने गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेत. ज्या सरकारचे सोजीर, त्याच सरकारची लस! त्याच वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पुण्याच्या प्लेग इस्पितळातील कारभाराविषयी व तेथे नेलेल्या आपल्या आश्रमातील एका मुलीविषयी उघड तक्रार लिहिली. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. गव्हर्नरांनी बाईंचे म्हणणे खोडून काढले. परंतु बाईंनी आपल्या नावाने लिहिले होते, जागा व माणूस सांगितले होते. म्हणून सरकारला उत्तर देणे भाग पडले. अफवेला असे उत्तर कोणाला देता येते?

आता मुलकोवाल. पंजाबातील हे खेडे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते; तिच्यावर ५३-एन असा क्रमांक होता. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही.

दोष बाटली भरणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेचा, असे सरकारी आयोगाने ठरविले. हाफकीन यांनी जंतू मारण्यासाठी कार्बोलिक न घालता उष्णतेची पद्धत स्वीकारली होती, तेवढे बोलणाऱ्यांस पुरले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पण त्याच चौकशीत दुसरीही साक्ष झालेली होती. बाटली उघडणाऱ्या कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. शिवाय टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला होता व दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढलेले असते तर घाण सुटली असती. हे सर्व कागद प्रसिद्ध झाले १९०६ साली! १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कोठे हाफकीन यांच्यावरील ठपका निघाला आणि ते हिंदुस्थानात परत आले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

चार वर्षे कागद बंद राहिले, आणि तेवढा काळ पहिलाच बोलणारा खरा ठरला.

आपल्या काळातही असेच घडले. ३ जानेवारी २०२१ रोजी हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिन लसीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतील परिणामकारकतेचे आकडे आलेले नव्हते. आकडे कोठे आहेत, असे जाणत्या डॉक्टरांनी विचारले. पहिले आकडे मार्चमध्ये आले, अखेरचे जुलैत : ७७.८ टक्के. नोव्हेंबरात ते ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले व जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली. आकडे चांगले निघाले म्हणून जानेवारीचा प्रश्न अयोग्य होता, असे आम्ही म्हणणार नाही. पण उत्तर आल्यावरही जो जानेवारीचाच प्रश्न घोकत बसला, त्याला उत्तर नकोच होते. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे सरकारी धोरण अयोग्य ठरविले नाही. तथापि कोणावर लसीची सक्ती करता येत नाही, आणि चाचण्यांची माहिती व लसीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदी लोकांपुढे ठेवाव्यात, असेही सांगितले.

शिक्षकांना एक सूचना. ही हकीकत एकाच तासात संपवू नये. पहिल्या रविवारी एकोणीस मृत्यूंपर्यंत सांगून थांबावे, दोषी कोण ते मुलांना विचारावे व त्यांचा निकाल फळ्यावर लिहावा. चिमट्याची व वासाची साक्ष पुढल्या रविवारी सांगावी. मधल्या आठवड्यात फळा पुसू नये.