कोंबड्यांसाठी अळ्या घरीच वाढवू या

ताईंनो, गावरान कोंबड्यांचा हिशोब मांडला की मोठा आकडा खाद्याचाच निघतो. अंडी विकून आलेला पैसा परत पोत्यातच जातो. मोकळी कोंबडी उकिरडा उकरून अळ्या शोधते, कारण तिला प्रथिनं हवी असतात. या अळ्या आपल्याला घरीच वाढवता येतात.

कोणती माशी?
ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी. लांबट, काळी, दिसायला गांधीलमाशीसारखी. पण ती चावत नाही की डंख मारत नाही. तिचं खाणं अळी असतानाच होतं, म्हणून ती घरमाशीसारखी जेवणावर घोंघावत नाही. एक मादी साधारण 500 अंडी घालते. सुमारे 4 दिवसांत अळ्या निघतात, 2 ते 3 आठवड्यांत मोठ्या होतात. वाळलेल्या अळीत साधारण 40 टक्के प्रथिनं असतात.

कसं करायचं?
1. जुन्या टबाच्या तळाला बारीक भोकं पाडा. टब सावलीत, स्टुलावर ठेवा. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत.
2. टबात भाजीची देठं, फळांच्या साली, खरकटं, कोंडा टाका. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच हवी.
3. वर खोक्याच्या पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे ठेवा. माशी त्यांच्या फटीत अंडी घालते.
4. पूर्ण वाढलेली अळी काळपट होते आणि कोरडी जागा शोधत वर चढते. तिरकी फळी लावून टोकाशी डबा ठेवा; अळ्या आपोआप त्यात पडतात.
5. सगळ्या अळ्या खायला घालू नका. थोड्या कोरड्या मातीत राहू द्या, त्यांच्याच पुढे माश्या होतात.

हे सांभाळा
वास सुटला म्हणजे खरकटं किंवा पाणी जास्त झालं. थोडा कोंडा मिसळा. मांस-मच्छी, मेलेली कोंबडी, फवारणी केलेला पाला टाकू नका. अळीने खाल्लेलं विष कोंबडीत जातं, तिथून अंड्यात आणि आपल्या लेकरांच्या ताटात. नुसत्या अळ्यांवर कोंबडी ठेवू नका. दाणे, हिरवा पाला, स्वच्छ पाणी हवंच. टबात उरलेला भुगा परसबागेला खत म्हणून घाला.

गटासाठी काम
आधी दोनच घरी टब लावा. महिनाभराचा खाद्याचा खर्च आणि अंडी वहीत लिहा. पुढच्या बैठकीत मागच्या महिन्याशी ताडून बघा. खर्च खरंच उतरला असेल, तरच बाकीच्या ताईंनी सुरू करावं.