कर, अनुदान आणि जनतेचा आहार

मधुमेह व हृदयविकार यांचा आहाराशी असलेला निकटचा संबंध आता सर्वमान्य आहे. परंतु केवळ उपदेशाने आहार बदलत नाही. वस्तूच्या किमतीचाही त्यात मोठा वाटा असतो. म्हणूनच काही देशांनी आहारसुधारणेसाठी करांचा उपयोग करून पाहिला. त्यांचे अनुभव बोधप्रद आहेत.

डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये लोणी, चीज, मांस आदी पदार्थांतील संपृक्त चरबीवर कर बसविला. रोजचे जिन्नस महागताच अनेक ग्राहक सीमेपलीकडे जर्मनीत खरेदी करू लागले. जानेवारी २०१३ पासून हा कर रद्द झाला.

मेक्सिकोने केवळ साखरयुक्त पेये निवडली. जानेवारी २०१४ पासून लिटरमागे १ पेसो कर लागू झाला. पहिल्या वर्षी या पेयांची खरेदी सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी, तर गरीब कुटुंबांत सुमारे ९ टक्क्यांनी घटली. ही वस्तू गरजेची नव्हती आणि तिला पर्याय होता.

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून पेयातील साखरेच्या प्रमाणानुसार कर ठरविला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमहून कमी साखर असलेली पेये करमुक्त राहिली. परिणामी, अनेक उत्पादकांनी कर लागू होण्यापूर्वीच साखर कमी केली.

भारतात वातयुक्त गोड पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. साखर थोडी असो वा अधिक, दर एकच. त्यामुळे साखर कमी करण्यास उत्पादकाला करातून उत्तेजन मिळत नाही.

कराइतकेच महत्त्व अनुदानाला आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये किलोचे दर तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया असे होते; जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. तथापि, वाटप होते ते प्रामुख्याने गहू व तांदळाचे. तंतुमय द्रव्ये व खनिजे यांनी समृद्ध अशी ज्वारी-बाजरी मात्र बहुधा बाजारभावाने घ्यावी लागते. ज्या घरात पैसा मोजूनच खर्चावा लागतो, तेथे भाकरी मागे पडते ती आवडीमुळे नव्हे, तर किमतीमुळे.

कर ठरविणे पंचायतीच्या हाती नाही. परंतु स्वस्त धान्य दुकानांतून स्थानिक भरड धान्य मिळावे, असा ठराव ग्रामसभा करू शकते. शिक्षकांनी पेयाच्या बाटलीवरील साखरेचे प्रमाण मुलांना वाचावयास शिकवावे. हितकर अन्न स्वस्त व सुलभ झाले, तरच उपदेश फलद्रूप होईल.