जंजिरा
मुलांनो, 'जंजिरा' हे नाव 'जज़ीरा' या शब्दावरून आले. जज़ीरा म्हणजे बेट. रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळ, समुद्रातील बेटावर हा सिद्दींचा किल्ला आहे.

किल्ल्यावर हॉटेल नाही. सुट्टीत मुक्काम मुरूडला करावा. राजापुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जाता येते. पावसाळ्यात समुद्र खवळतो. तेव्हा होड्या बंद असतात.

चारही बाजूंना खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याचे दोन तलाव! तट आणि तोफा शत्रूला अडवतील. तहानेला कोण अडवणार? पाणी होते, म्हणून किल्ला टिकला. केडगावच्या मुलांना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. हॉटेलातला नळ सोडतानाही ते आठवावे.

शब्दार्थ : शीड – बादबान, तट – फ़सील, तहान – प्यास.

प्रश्न : किल्ला कशामुळे टिकला?