पट्टकृमीच्या अंड्याची तटबंदी
डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या टीनिया सोलियम या पट्टकृमीचे अंडे जेमतेम 30 ते 40 मायक्रोमीटर व्यासाचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली आपणांस त्याचे जाड, तपकिरी कवच व त्यावरील आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या रेषांचा उलगडा करतो: हे कवच, म्हणजे भ्रूणधर, केराटिनसदृश प्रथिनाच्या ठोकळ्यांचे असून ते ठोकळे एका द्रव्याने सांधलेले असतात. त्याच्या आत एक पातळ पटल आणि त्या पटलात सहा अंकुशांचा भ्रूण असतो.

या तटबंदीमुळे अंडे ओल्या मातीतही दीर्घकाळ तग धरते. माणसाच्या पोटात मात्र पचनरसांनी सांधे विरघळतात, ठोकळे सुटतात आणि मोकळा झालेला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत वा मेंदूत पोचतो. मेंदूत त्याची पुटी झाल्यास अपस्माराचे झटके येऊ शकतात.

ही अंडी मांसात नसतात. बाधित माणसाच्या विष्ठेतून ती हात, पाणी व भाजीपाल्यावर येतात. म्हणूनच शाकाहारी माणसालाही हा विकार जडतो. असा अपस्मार ही भूतबाधा नव्हे. त्यावर वैद्यकीय उपचार आहेत. शौचालयाचा वापर, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली भाजी ही आपली तटबंदी होय.