क्रोएशियाचे दिवस

आमच्या मोटरहोमच्या सहलीचं काय झालं, असं लोक अजून विचारतात, आणि बहुतेकांची समजूत अशी की आम्हीच कुठेतरी नियम वाचायचे विसरलो. तसं नाही. आम्ही विचारलं होतं, लेखी विचारलं होतं आणि उत्तरही लेखी आलं होतं. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

आम्ही दोघं निवृत्त, इंग्लंडात राहतो, पासपोर्ट ब्रिटिश. ब्रेक्झिटनंतर आमच्यासारख्यांना शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. गाडी घेऊन हिंडणाऱ्यांनी त्यावर क्रोएशियाची सोय काढली होती. हा देश युरोपीय संघात होता, पण शेंगेनबाहेर. हिवाळा स्पेनमध्ये काढायचा, दिवस सरत आले की क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जाऊन राहायचं. तेवढा काळ मोजणी बंद.

१ जानेवारी २०२३ ला क्रोएशिया शेंगेनमध्ये गेला. निर्णय आदल्या डिसेंबरातच जाहीर झाला होता. आमचा मार्ग आखून देणाऱ्या गृहस्थांनी अखेरचा आराखडा पाठवला तो त्यानंतर, पूर्ण पैसे घेऊन. त्यात स्पेन, फ्रान्स, इटली, स्लोव्हेनिया एका रंगात आणि क्रोएशिया वेगळ्या रंगात. खाली टीप: ‘इथले दिवस धरायचे नाहीत.’ मी उलट विचारलं, नव्या वर्षातही हेच ना? उत्तर आलं, ‘सगळं तपासलंय वहिनी, निर्धास्त जा.’ ती ईमेल मी जपून ठेवली आहे.

दीर आणि जाऊबाई पुण्याहून येऊन व्हेनिसला आम्हाला मिळाले. त्रिएस्तेहून कोपरमार्गे आम्ही ड्रागोन्याच्या नाक्याकडे निघालो. चौघांचे पासपोर्ट आणि गाडीची कागदपत्रं मी मांडीवर घेऊन बसले होते. नाका आला. छप्पर होतं, काचेच्या खोल्या होत्या, आत माणूस नव्हता. ह्यांनी गाडी अगदी हळू केली, मागून हॉर्न वाजला, आणि आम्ही सीमेपलीकडे होतो. गाडीत सगळे खूश, की रांग नाही, कटकट नाही. माझ्या मात्र पोटात गोळा आला. शेंगेनमधून बाहेर पडलो तर बाहेर पडल्याचा शिक्का हवा. शिक्का मारणारंच कोणी नाही, म्हणजे आपण बाहेर पडलेलोच नाही. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिथेच कॅलेंडर काढून मोजायला बसले. ९० पैकी हाताशी फार थोडे दिवस उरले होते, आणि पुढे आरक्षणं होती रोविन्यपासून झादरपर्यंत.

फोन लावला. गृहस्थ शांत. “अहो वहिनी, कोण मोजतंय? तिथले लोक पर्यटकांना काही करत नाहीत.” मी म्हटलं, मोजण्यासाठीच तर तुम्हाला पैसे दिले. त्यावर म्हणाले, “नियम बदलले तर मी काय करणार?” बदल झाल्यावर त्यांनी आराखडा पाठवला होता, तरी हे उत्तर. त्यांच्या बेफिकिरीचा पुरावा त्याच कागदात होता. दिरांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता, आणि तो तसा पुरेल असं या गृहस्थांनीच सांगितलं होतं. क्रोएशिया खरोखर बाहेर असता, तर दिरांना परतीच्या विमानासाठी इटलीत शिरताच आलं नसतं! म्हणजे एकाच आराखड्यात देश आमच्यासाठी बाहेर आणि दिरांसाठी आत. हे दाखवल्यावर त्यांनी फोन ठेवला, आणि पुढे उचललाच नाही.

बॉस्नियात का गेला नाहीत, असं बरेच जण विचारतात. बॉस्निया शेंगेनबाहेर आहे, दिवस थांबले असते. पण दिरांना तिथून परत येता आलं नसतं आणि आमच्या गाडीच्या विम्यात बॉस्निया नव्हता. क्रोएशियात रस्त्याकडेला कुठेही गाडी लावून झोपायला बंदी आहे, म्हणून कॅम्पसाइट आधीच पैसे भरून घेतलेल्या. त्यातल्या बऱ्याच पैशांवर पाणी सोडलं. दिरांना परत व्हेनिसला पोचवलं आणि ऑस्ट्रियामार्गे घर गाठलं. मुदत उलटली असती तर दंड किंवा प्रवेशबंदी नशिबी आली असती. त्या गृहस्थांच्या नव्हे, आमच्या.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी. युरोपीय संघाची यादी आणि शेंगेनची यादी वेगळी आहे. स्वित्झर्लंड संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. रुमेनिया आणि बल्गेरियात जाऊन दिवस थांबवा, असा सल्ला अजून ऐकू येतो. १ जानेवारी २०२५ पासून ते दोन्ही देश पूर्णपणे आत आहेत, तेव्हा असा सल्ला देणाऱ्याकडून पुढचं काही ऐकू नका.

९० दिवस म्हणजे सहामाहीचा कोटा नाही. ज्या दिवशी तिथे असाल त्या प्रत्येक दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. युरोपीय आयोगाचा अधिकृत कॅल्क्युलेटर फुकट आहे. आकडे स्वतः भरा. गाडी तिथे ठेवून विमानानं घरी येणाऱ्यांनी गाडीची सहा महिन्यांची मुदत वेगळी सांभाळावी. पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नको, आणि परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा हवा. ब्रिटनमधून जाताना साजूक तूप, पनीर, पेढे, मटण काहीही बरोबर नेता येत नाही.

गाडी साडेतीन टनांवर असेल तर ऑस्ट्रियात टोलसाठी काचेवरचा विग्नेट चालत नाही, गो-बॉक्स घ्यावा लागतो. विमा कंपनीकडून देशांची नावं लिहून घ्या, ‘युरोप’ एवढ्या शब्दावर जाऊ नका. भारतातून कोणी येऊन मिळणार असेल तर व्हिसाच्या चिकटपट्टीवर प्रवेशाच्या रकान्यात ०१ आहे की मल्ट, आणि राहायचे दिवस किती, हे तिकिटं काढण्याआधी बघा.

‘कोण मोजतंय’ म्हणणाऱ्यांना आता उत्तर मिळालं आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. दिवस संगणक मोजतो.

आणि आराखडा विकत घेणार असाल, तर तो कोणत्या तारखेच्या नियमांवर बेतला आहे हे त्या कागदावरच लिहून मागा. काही रक्कम सहलीहून परत येईपर्यंत हातात ठेवा. आपलाच मराठी माणूस आहे म्हणून आम्ही सगळी आधी दिली. त्यातला एक पौंडही परत आलेला नाही.